झीज आणि इजा

जुन्या चांदीच्या नाण्यांच्या प्रतवारीवरची पुस्तके बहुधा चांगल्या नाण्यांपासून सुरू होतात. टांकसाळीतून निघाले तसेच राहिलेले, व्हिक्टोरिया राणीच्या मुकुटावरचा एकही मणी न पुसलेले नाणे आधी दाखवायचे आणि तिथून एकेक पायरी खाली उतरायचे, अशी ती रीत. हे पुस्तक दुसऱ्या टोकाकडून सुरू होते, कारण आपली गाठ पडते ती नाणी तशी नसतात. देव्हाऱ्यातल्या डबीत, लक्ष्मीपूजनाच्या ताटात, आजीच्या पेटीत किंवा जुन्या बाजारातल्या ढिगात सापडणारा रुपया झिजलेला असतो, काळवंडलेला असतो, आणि पुष्कळदा त्याच्या माथ्यावर कधीकाळी कडी झाळल्याची खूण असते. अशा रुपयाची प्रत काय, असे विचारले की अनुभवी संग्राहकही जरा थांबतात.

थांबण्याचे कारण असे की या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. हे नाणे किती फिरले, हा पहिला. फिरताना किंवा फिरणे संपल्यावर त्याच्यावर कोणी काय केले, हा दुसरा. हातोहात फिरून उडालेला धातू म्हणजे झीज. भोक, झाळ, ओरखडा, सराफाचा ठसा, कानशीचा घाव, घासून काढलेला पृष्ठभाग म्हणजे इजा. झीज सावकाश होते, चलनातल्या प्रत्येक नाण्याला होते आणि तिचा क्रम ठरलेला असतो. म्हणून तिला पायऱ्या लावता येतात. इजा क्षणात होते, त्या एकाच नाण्याला होते आणि तिला क्रम नसतो. तिची नोंदच करावी लागते. झीज मोजावी, इजा नोंदवावी आणि दोहोंची सरासरी काढू नये, एवढेच या पुस्तकाचे सांगणे आहे.

सरासरी काढण्याचा मोह मात्र मोठा असतो. एखाद्या रुपयावरचे नक्षीकाम उत्तम टिकलेले असते, पण वर भोक असते. विकणारा म्हणतो, भोक आहे म्हणून दोन पायऱ्या खाली धरू आणि ‘फाइन’ म्हणू. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बराच झिजलेला, पण धड रुपया येतो. म्हणजे नाणे आहे त्याहून जास्त झिजलेले असल्याचे सांगितले गेले आणि भोक मात्र सांगायचे राहिले. एका शब्दात दोन चुकीच्या गोष्टी बसल्या.

आपल्याकडच्या जुन्या पारख्यांना ही अडचण नव्हती, कारण नाण्याच्या रूपाशी त्यांना कर्तव्य नव्हते. शेरशाह सूरीने सोळाव्या शतकाच्या मध्याला जो रुपया पाडला तो सुमारे 178 ग्रेनचा, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या आसपासचा होता. मोगलांनी तेच माप थोड्याफार फरकाने चालवले. पण रुपया नुसत्या वजनावर चालत नसे. चालू राज्यवर्षाचा रुपया पुऱ्या भावाने आणि मागच्या वर्षांचा बट्ट्याने, असा व्यवहार होता. वर्षे उलटली म्हणजे नाणे थोडे झिजले असणारच, असे धरून सराफ किंमत उतरवत. झिजेचा अंदाज तारखेवरून बांधण्याची ही युक्ती सराफांच्या सोयीची होती. ज्याच्या हातात रुपया वर्षभर राहिला त्याच्या सोयीची नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीने 1793 मध्ये बंगालच्या रुपयावर मोगल बादशहा शाह आलमचे 19 वे राज्यवर्ष कायमचे ठेवून दिले. तारीखच हलेनाशी झाल्यावर तिच्यावरून बट्टा कसा लावणार? पुढे मुंबईत पाडलेल्या सुरती रुपयांवरही 46 हे राज्यवर्ष असेच कायम राहिले.

प्रतवारी करणाऱ्याने हा इतिहास लक्षात ठेवायला हवा, कारण गोठवलेली तारीख राणीच्या काळातही भेटते. व्हिक्टोरियाच्या पहिल्या रुपयांवर 1840 हे साल 1862 पर्यंत राहिले. त्यानंतर 1862 हे साल 1874 पर्यंत. तेव्हा 1862 सालाचा रुपया किती वर्षे चलनात होता, हे सालावरून कळत नाही. त्या काळात तारखेजवळ घातलेल्या बारीक ठिपक्यांवरून अभ्यासक प्रकार वेगळे करतात. ठिपके झिजले की ती ओळख गेली. अशा रुपयाच्या बाबतीत झिजेमुळे नुसती प्रत उतरत नाही, नाणे नेमके कोणते हेच अर्धवट कळते.

मराठी मुलखात परीक्षा आणखी अवघड होती. पेशवाईत पुण्याचा अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, नागफणी असे नाना तऱ्हांचे रुपये एकाच बाजारात चालत. टांकसाळीचे परवाने खासगी लोकांकडे असत. सगळ्यांचे वजन आणि कस सारखे नसत. त्यामुळे हिशेबात रकमेच्या जोडीला रुपयाची जातही लिहावी लागे. सरकारी भरणा घेताना नाणी पारखायला पोतदार लागे, बाजारात सराफ लागे. ते नाणे दगडावर वाजवून बघत. खणखणीत वाजले तर ठीक. बद्द वाजले तर आत तांबे, तडा किंवा पोकळी असण्याचा संशय. मग कसोटीवर ओढून बघत, काट्यात तोलत, शंका उरली तर छिन्नीने टोचून आतला धातू उघडा करत. पारखून झाल्यावर सराफ आपला बारीकसा ठसाही मारून ठेवी. आज त्या नाण्यावर दिसणारे खड्डे आणि ठसे म्हणजे त्या परीक्षांचे शिल्लक राहिलेले पुरावे आहेत.

1835 च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात रुपया एकच झाला: 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा 11.66 ग्रॅम, बारापैकी अकरा भाग चांदी. शुद्ध चांदी 165 ग्रेन. कड यंत्राने दातेरी केलेली, त्यामुळे काठ कातरून चांदी चोरणे अवघड. तरी रोजच्या हाताळणीतली झीज थांबवणे कोणत्याही यंत्राला शक्य नव्हते. म्हणून 1906 च्या नाणे कायद्यात मर्यादा घातलेली होती: ठरलेल्या वजनापेक्षा दोन टक्क्यांहून अधिक कमी भरणारा रुपया कायदेशीर चलन राहत नसे. दोन टक्के म्हणजे सुमारे 0.23 ग्रॅम. काटा 11.43 च्या खाली गेला की त्या रुपयाची नोकरी संपली. हीसुद्धा एक प्रतवारीच, पण दोनच पायऱ्यांची. मुकुटावरचे मणी दिसतात की नाही, हे खजिन्यातल्या कारकुनाने बघण्याचे कारण नव्हते.

आज आपण वापरतो ती शिडी अमेरिकेतून आली आणि तीही चांदीसाठी बनलेली नव्हती. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने 1949 मध्ये अमेरिकेच्या सुरुवातीच्या तांब्याच्या सेंटांवर पुस्तक लिहिले आणि त्यात 1 ते 70 असे आकडे लावले. 1794 चा सेंट ओळखू येण्याइतपत उरला असेल तर त्याची किंमत एक धरायची. सर्वोत्तम असेल तर सत्तर. आकडे मुळात किमतीची गुणोत्तरे होती. बाजारभाव बदलले, ती गुणोत्तरे केव्हाच कोसळली, पण आकडे राहिले. ते सगळ्या नाण्यांना लागू झाले आणि 1980 च्या दशकात नाणे तपासून, आकडा देऊन, प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांमुळे जगभर पसरले. आपल्या लिलावांच्या याद्यांतही आता फाइन म्हणजे 12, व्हेरी फाइन म्हणजे 20 पासून पुढे, एक्स्ट्रीमली फाइन म्हणजे 40 आणि 60 पासून वर न वापरलेली नाणी, ही भाषा रुळली आहे. त्याच कंपन्यांनी एक शहाणपण केले. भोक पडलेल्या, घासलेल्या, दागिन्यातून काढलेल्या नाण्याला त्या सहसा साधा आकडा देत नाहीत. ‘डिटेल्स’ असे लिहून झिजेची पायरी शब्दांत सांगतात आणि इजा वेगळी लिहितात. आपल्या सूत्राला हा बाजारातूनच मिळालेला दुजोरा आहे.

आता झिजेकडे वळू. नाणे सगळीकडे सारखे झिजत नाही. जे उंच ते आधी जाते. म्हणून प्रत्येक प्रकारच्या नाण्यावर सर्वांत उंच जागा कोणत्या, हे पाठ असावे लागते. 1862 च्या रुपयावर राणीच्या मुकुटाच्या कमानी, कानावरून गेलेले केस, गाल आणि पोशाखाच्या बाहीवरचे भरतकाम आधी सपाट होते. मागच्या बाजूच्या वेलबुट्टीतले बारीक तपशील त्याच सुमारास पुसट होऊ लागतात. 1903 ते 1910 च्या सातव्या एडवर्डच्या रुपयावर राजाचे मस्तक उघडे आहे, मुकुट मागच्या बाजूला कमळांच्या वर आहे. त्यामुळे कान, कानावरचे केस आणि दाढी बघावी. कानाची पाळी वेगळी दिसते का, दाढीचे केस सुटे दिसतात का, यावर पायरी ठरते. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुकुट, भुवई, दाढी आणि अंगरख्यावरच्या पदकमाळेतला हत्ती बघावा. हा हत्ती प्रसिद्ध आहे. 1911 च्या पहिल्या रुपयांवर त्याची सोंड आखूड आली आणि तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. रुपया मागे घेतला गेला, बराचसा वितळवला गेला आणि 1912 पासून हत्ती सुधारून आला.

याच हत्तीमुळे एक चकवा समजावून सांगता येतो. काही रुपयांवर हत्ती पुसट असतो, पण दाढीचे केस मात्र स्पष्ट असतात. ही झीज नव्हे. ठसा पुरता उठला नाही, म्हणजे नाणे जन्मतःच तसे आहे. ओळखायचे कसे? नाणे दिव्याखाली धरून हळूहळू फिरवावे. न झिजलेल्या पृष्ठभागावर उजेडाचा पट्टा सलग फिरतो, पुसट भागावरूनही फिरतो. झिजलेल्या उंचवट्यावर तो पट्टा तुटतो आणि तिथे सपाट, मंद, राखाडी डाग दिसतो. प्रकाश एकाच बाजूने, तिरका आणि जवळून असावा. खोलीभर पसरलेल्या ट्यूबच्या उजेडात सगळीच नाणी सारखी दिसतात.

हाताने पाडलेल्या रुपयांना हे नियम अर्धेच लागू पडतात. अंकुशी रुपयावर मुहियाबाद पूना हे टांकसाळीचे नाव फारसीत असते, पण ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे लेख पुरता कुठल्याच नाण्यावर उमटत नाही. एका नाण्यावर नावाचा वरचा भाग, दुसऱ्यावर खालचा. मोगल बादशहाचे नावही पुष्कळदा फारसी न जाणणाऱ्या कारागिराने कोरलेले, म्हणून अक्षरे मुळातच वेडीवाकडी. अशा नाण्याला तीन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात: लेखाचा किती भाग चकतीवर आला, जो आला तो किती खोल उठला आणि उठला त्यातला किती झिजला. पहिल्या दोन गोष्टी टांकसाळीच्या खात्यावर जातात, तिसरी बाजाराच्या. मराठा टांकसाळींवर के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा 1989 मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ जवळ असला तर पूर्ण लेख कसा असायला हवा हे ताडून बघता येते. ते न बघता केलेली प्रतवारी म्हणजे निम्मा चेहरा पाहून सांगितलेले वय.

इजेच्या प्रकरणाला या पुस्तकात सर्वांत जास्त जागा दिली आहे. आपल्याकडच्या रुपयांची सगळ्यांत मोठी इजा दागिन्यांतून आली. गळ्यातल्या माळेसाठी भोके पडली, कड्या झाळल्या गेल्या. कडी काढून काठ घासला तरी तीन खुणा राहतात: माथ्यावरच्या दातेरी कडेचे दाते बुजलेले असतात, तिथला रंग इतर भागापेक्षा वेगळा असतो आणि भिंगाखाली कानशीच्या समांतर रेषा दिसतात. बुजवलेले भोक याहून फसवे. नक्षी पुन्हा कोरून ते लपवतात, पण कोरलेल्या अक्षराची कड आणि ठशाने उठलेल्या अक्षराची कड यांत फरक असतो. वजनही इथे दगा देते. भोकाने धातू कमी होतो, झाळेने वाढतो; बराच झिजलेला रुपया झाळेच्या वजनाने पुरा भरू शकतो. म्हणून वजन लिहिताना झाळ उरली आहे का, हेही लिहावे.

सराफाचा ठसा इजा धरावा का, यावर मतभेद आहेत. नाण्याच्या पृष्ठभागाचा विचार केला तर ती इजाच. पण ती चलनात असताना, चलनासाठी झाली. नाणे पारखले गेले, चालले, याची ती पावती. चीनमध्ये सावकारांनी परदेशी डॉलरांवर मारलेल्या अशाच खुणा हौसेने गोळा करणारे संग्राहक आहेत. आपल्याकडे मात्र अजूनही ठसा दिसला की भाव पाडण्याची सवय आहे. माझे मत असे की सराफाचे ठसे ‘खुणा’ म्हणून वेगळ्या रकान्यात लिहावेत: किती, कुठे, कोणत्या आकाराचे. ओरखडा आणि ठसा एकाच शब्दात गुंडाळले तर अभ्यासकाच्या उपयोगाची माहिती बुडते.

सर्वांत वाईट इजा घरातच होते, तीही प्रेमाने. दिवाळी आली की चिंच, रांगोळी, राख, रिठा, टूथपेस्ट यांनी रुपये घासले जातात. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे. पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. थर पातळ असताना सोनेरी, मग जांभळट निळा आणि जाड झाल्यावर काळा दिसतो. हा थर म्हणजे घाण नव्हे. तो नाण्याच्याच चांदीतून तयार झालेला असतो. घासला की चांदीही जाते आणि उरलेल्या भागावर केसासारख्या असंख्य रेघा उमटतात. लखलखीत पांढरे, पण मुकुट सपाट, असे नाणे दिसले की समजावे, ते धुतलेले आहे: झिजलेल्या नाण्याच्या उंच भागांवर मूळ तकाकी राहूच शकत नाही. नाणे मळकट असेल तर साध्या पाण्याने धुवून, न घासता, मऊ कापडावर टिपून वाळवावे. यापुढे काहीही करू नये. हिरवट कळंक असेल तर तो चांदीत मिसळलेल्या तांब्याचा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात वर्षानुवर्षे ठेवलेल्या नाण्यांवर चढणारा चिकट हिरवा थर वेगळा, तो प्लास्टिकमधून सुटलेल्या द्रव्यांचा. रबरबँडमध्ये गंधक असते, म्हणून गड्डी बांधायला ते वापरू नयेत.

एवढे वाचल्यावर नोंद कशी दिसावी, हे एका कल्पित उदाहरणाने दाखवतो. ‘1862 सालाचा रुपया. वजन 11.31 ग्रॅम. झीज: व्हेरी फाइनची खालची पायरी, मुकुटाच्या कमानी ओळखू येतात, बाहीवरचे भरतकाम निम्मे सपाट. ठसा पुरता उठलेला. इजा: माथ्यावर कडी काढल्याची खूण, कडेचे दाते थोड्या भागात बुजलेले, मागच्या बाजूला मोकळ्या जागेत एक खोल ओरखडा. सराफी ठसे नाहीत. पृष्ठभाग जुना धुतलेला, वर पुन्हा राखाडी रंग चढलेला.’ या नोंदीत आकडा नाही, पण वाचणाऱ्याला नाणे दिसते. ज्याला आकडा हवा तो यातून काढू शकेल. नुसत्या आकड्यातून ही नोंद मात्र कोणालाच काढता येणार नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारेल. भावासाठी, हे एक उत्तर आहेच. साधे झिजलेले नाणे बहुधा चांदीच्या भावाच्या आसपास जाते आणि तिथे प्रतवारीने फार फरक पडत नाही. पण 1911 चा किंवा अत्यंत दुर्मीळ असा 1939 चा रुपया झिजलेला, इजा झालेलाही मोलाचा असतो आणि तिथे एकेक शब्दाला पैसे पडतात. दुसरे उत्तर मला जास्त महत्त्वाचे वाटते. झीज हा चलनाचा पुरावा आहे. एखाद्या जमिनीतल्या ठेव्यात जुन्या सालाचे रुपये ताजे आणि नव्या सालाचे झिजलेले असतील, तर जुने रुपये बाजारात न फिरता आधीच बाजूला काढून ठेवले होते, असे अनुमान करता येते. पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि रुपये वितळवले जाऊ लागले; 1940 मध्ये चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले; 1941 ते 1943 दरम्यान जुन्या कसाचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून बाद झाले. या भट्ट्यांतून जे सुटले, ते कुठे आणि कसे सुटले, याची थोडी हकीकत त्यांच्या पृष्ठभागावर असते. म्हणूनच जमिनीत ठेवा सापडला तर तो वाटून, धुवून विकू नये. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. कायद्याचा धाक नसता तरी, एकत्र राहिलेली नाणी जे सांगतात ते सुटी झाल्यावर सांगत नाहीत.

पुस्तकाची पुढची प्रकरणे याच क्रमाने आहेत: आधी हाताने पाडलेले रुपये, मग 1835 पासूनचे यंत्राचे, प्रत्येकाच्या उंच जागा, चकवे आणि आकृत्या, नंतर इजांची वर्गवारी, शेवटी नकली नाणी. वाचकाने ती नाणे हातात घेऊनच वाचावीत, पण नाणे कडेने धरून आणि खाली कापड पसरून. प्रत्येक नोंदीखाली तारीख आणि आपले नाव लिहावे. प्रत हे मत असते. ते माणसागणिक आणि बाजारागणिक बदलते, उद्या तुमचेही बदलेल. पाहिलेले मात्र नीट लिहून ठेवले, तर ज्याला तुमचे मत पटणार नाही तोही त्याच्या आधारे आपले मत बनवू शकेल.